पंडिता रमाबाई : निराधार विधवांची माता

जुन्या करारातील दुसरे राजे ह्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात एका विधवेची हकीकत आली आहे. तिचा नवरा संदेष्ट्यांच्या मंडळीतला, देवाला भिणारा असा मनुष्य होता. परंतु तो कर्ज मागे ठेवून मेला, आणि सावकार तिच्या दोन मुलांस दास करून नेण्यासाठी दारी येऊन उभा राहिला. तिने अलीशाकडे आकांत केला. संदेष्ट्याने तिच्या पदरात पैसे टाकले नाहीत, किंवा नुसते समाधानाचे शब्द बोलून तिला वाटेस लावले नाही. तिच्या घरी काय उरले आहे, एवढेच त्याने विचारले. एक लहानशी तेलाची कुपी होती. शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आणण्यास त्याने तिला सांगितले. भांडी भरली, तिने तेल विकून ऋण फेडले, आणि उरल्या पैशावर तिचा व मुलांचा चरितार्थ चालला.

ही गोष्ट आपल्या उपदेशक बंधूंनी मंडळीत पुष्कळ वेळा सांगितली असेल. आमच्या ह्या देशात तीच गोष्ट एका बाईने आपल्या आयुष्यभर करून दाखविली. ती बाई स्वतः विधवा होती, स्वतः उपाशी राहिलेली होती, आणि स्वतःच्याच लोकांनी तिला दूर लोटले होते. तिचे नाव पंडिता रमाबाई. तिचे चरित्र आज आपल्या वाचकांपुढे थोडक्यात ठेवीत आहोत.

जन्म व बालपण

1858 सालच्या एप्रिल महिन्याच्या 23 तारखेस सह्याद्रीच्या दक्षिण भागातील गंगामूळ नावाच्या अरण्यात रमाबाईंचा जन्म झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण असून संस्कृत विद्येत निष्णात होते. ते पुण्यात शिकत असता त्यांचे गुरू पेशव्यांच्या पत्नीस संस्कृत शिकवीत असत. ते पाहून आपणही आपल्या पत्नीस शिकवावे, असे शास्त्रीबोवांच्या मनाने घेतले. त्या काळी स्त्रीने अक्षर गिरविले तर ती लवकर विधवा होते, अशी लोकांची समजूत होती. मग स्त्रीला संस्कृत शिकविणे म्हणजे केवढा अपराध! शास्त्रीबोवांनी आपली दुसरी पत्नी लक्ष्मीबाई हिला शिकविले, त्याबद्दल त्यांस विद्वानांपुढे जाब द्यावा लागला. तेथे त्यांनी शास्त्राधारे आपली बाजू मांडली. परंतु लोकांचा रोष टळेना, तेव्हा ते सहकुटुंब अरण्यात जाऊन राहिले.

तेथे येणाऱ्या जाणाऱ्या यात्रेकरूंस व विद्यार्थ्यांस जेवू घालता घालता शास्त्रीबोवा कर्जबाजारी झाले. रमाबाई सहा महिन्यांच्या असतानाच हे घर मोडले. बाळाला वेताच्या पेटाऱ्यात घालून एका माणसाच्या डोक्यावरून डोंगराखाली आणण्यात आले, आणि तेव्हापासून ह्या कुटुंबाची तीर्थयात्रा सुरू झाली. क्षेत्रोक्षेत्री पुराण सांगावे, मिळेल त्या दक्षिणेवर पोट भरावे, आणि पुढील क्षेत्राची वाट धरावी, असा त्यांचा क्रम असे. भल्या पहाटे, पाखरे जागी होण्यापूर्वी, आई मुलीला उठवून संस्कृत श्लोक पाठ करवीत असे. अशा रीतीने ज्या वयात इतर मुली सासरी दळणकांडण करीत, त्या वयात रमाबाईंस भागवतपुराण मुखोद्गत झाले होते.

दुष्काळ

1874 च्या सुमारास मद्रास इलाख्यात अन्नाची टंचाई पडली. पुराणिकाला दक्षिणा कोण देणार? भांडी गेली, दागिने गेले, वस्त्रे गेली. शास्त्रीबोवा विद्वान खरे, परंतु अंगमेहनतीचे एकही काम त्यांस किंवा त्यांच्या मुलांस येत नव्हते. ब्राह्मणाने मजुरी करावी, ह्याची त्यांस लाज वाटे, आणि भीक मागण्याचीही लाज वाटे. जवळचा पैसा देवधर्मात व ब्राह्मणभोजनात खर्चून झाल्यावर हे कुटुंब मरणाची वाट पाहत रानात शिरले, आणि काही दिवस झाडाच्या पाल्यावर राहिले. वडिलांची दृष्टी आधीच गेली होती. त्यांनी धाकट्या मुलीला जवळ घेऊन देवाच्या स्वाधीन केले व प्राण सोडला. काही आठवड्यांतच आईही गेली. आईचे प्रेत स्मशानात नेण्यास चार माणसे मिळेनात. दोन ब्राह्मण दयेने आले, तिसरा भाऊ श्रीनिवास, आणि चौथ्या खांदेकऱ्याच्या जागी रमाबाई उभ्या राहिल्या. त्या ठेंगण्या असल्यामुळे त्यांस तो भार खांद्याऐवजी डोक्यावर घेऊन चालावे लागले. पुढे थोरली बहीण कृष्णाबाई हिचाही अंत झाला.

विद्या पुष्कळ होती, परंतु पोटाला मिळवून देणारे काम हातांस येत नव्हते. त्यामुळे एक घरचे घर उपासाने मेले. ही गोष्ट रमाबाईंच्या मनावर कोरली गेली. पुढे त्यांनी विधवांस अक्षराबरोबर धंदाही शिकविण्याचा एवढा आग्रह का धरला, हे वाचकांस येथेच कळून येईल.

मग बहीणभाऊ दोघेच हिंदुस्थानभर पायी हिंडले. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडीच्या रात्री पांघरूण नसल्याने वाळूत खड्डे खणून, अंगावर कोरडी वाळू ओढून त्यांनी रात्र काढली. पाहिलेली सारी दैवते व केलेले सारे उपास व्यर्थ गेले, असे त्यांस वाटू लागले होते. आणि गावोगावी, क्षेत्रोक्षेत्री दिसणाऱ्या विधवांची दैना त्यांच्या डोळ्यांपुढून हालत नव्हती.

कलकत्ता व वैधव्य

1878 साली दोघे कलकत्त्यास पोचले. वीस वर्षांची ही मुलगी अस्खलित संस्कृत बोलते, हे ऐकून तेथील पंडितांनी तिची परीक्षा घेतली, आणि चकित होऊन तिला पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. येथेच बाईंनी ख्रिस्ती लोकांस प्रथम पाहिले, व संस्कृत भाषेतील पवित्र शास्त्राची एक प्रत त्यांस भेट मिळाली. परंतु त्या वेळी त्यांस तिचा अर्थबोध झाला नाही.

1880 साली भाऊ श्रीनिवास मरण पावला. त्याच वर्षी बाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी नावाच्या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. ते ब्राह्मण नव्हते, म्हणून दोन्हीकडील लोकांनी त्यांस वाळीत टाकले. आसामातील सिलचर गावी त्यांचा संसार सुरू झाला, आणि 1881 च्या एप्रिलात मनोरमा ही कन्या झाली. ह्याच घरात पतीच्या पुस्तकांत बाईंस लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली, आणि ते वाचून त्यांच्या मनात पहिली ओढ उत्पन्न झाली. परंतु 1882 च्या फेब्रुवारीत पटकीने पती वारले. लग्नास अद्याप दोन वर्षेही झाली नव्हती. तेवीस वर्षांची बाई, मांडीवर दहा महिन्यांची मुलगी, आईबाप नाहीत, भाऊ नाही, सासर नाही.

त्या काळच्या उच्चवर्णीय विधवेची स्थिती ज्यांस ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. नवरा मेला तो तिच्याच पापाने, असे लोक समजत. तिचे केस काढीत. तांबडे आलवण किंवा पांढरे लुगडे नेसवीत. दिवसातून एक वेळ जेवण देत. मंगलकार्यात तिचे तोंड कोणी पाहू नये, अशी रीत होती. पाच-सात वर्षांच्या ज्या मुलीने नवऱ्याचे तोंडही नीट पाहिले नाही, तिच्याही कपाळी जन्मभर हेच येई. घरातील सर्व कष्टाची कामे तिची. परंतु घरातील एकही वस्तू तिची नाही. ह्या जाचास कंटाळून कोणी विहीर जवळ करी, कोणी क्षेत्राच्या गावी जाऊन भीक मागे, आणि कोणी दुष्टांच्या हाती पडे.

रमाबाई मात्र विद्येच्या बळाने उभ्या राहिल्या. 1882 साली त्या पुण्यास आल्या, स्त्रियांच्या उन्नतीसाठी त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला, आणि सरकारच्या हंटर शिक्षण कमिशनपुढे साक्ष देऊन मुलींसाठी स्त्रीशिक्षिका व स्त्रियांसाठी स्त्रीवैद्य तयार करण्याची मागणी केली. तथापि विधवांसाठी एक आश्रयस्थान असावे, ही त्यांची मुख्य इच्छा होती, आणि तिला साहाय्य मिळेना.

विलायत व अमेरिका

वैद्यकी शिकावी ह्या हेतूने 1883 साली त्या लहानग्या मनोरमेसह विलायतेस गेल्या. कान अधू झाल्यामुळे वैद्यकी शिकणे घडले नाही. परंतु देवाच्या मनात दुसरी योजना होती. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहत असता त्यांस लंडनातील फुलम येथे त्या भगिनींनी चालविलेले एक गृह पाहावयास मिळाले. जगाने ज्यांच्याकडे पाठ फिरविली अशा वाट चुकलेल्या स्त्रियांची तेथे प्रीतीने सेवा होत असे. आपल्या देशात अशा स्त्रीला कोणी उंबऱ्याशी उभी करीत नाही, आणि येथे कुलीन बाया तिचे पाय धुण्यास तयार आहेत, हे कसे, असा प्रश्न बाईंस पडला. तेव्हा एका भगिनीने त्यांस योहानाच्या चौथ्या अध्यायातील शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखविली. ख्रिस्त हाच पडलेल्या स्त्रियांस उठवू शकतो, ही खातरी त्या दिवशी बाईंच्या मनाची झाली. 1883 च्या सप्टेंबराच्या 29 तारखेस त्यांनी व मनोरमेने बाप्तिस्मा घेतला.

1886 च्या आरंभी त्या अमेरिकेस गेल्या. फिलाडेल्फिया येथे आनंदीबाई जोशी ह्यांस वैद्यकीची पदवी मिळाली, त्या समारंभास त्या हजर होत्या. पुढे दोन वर्षांहून अधिक काळ त्या गावोगावी व्याख्याने देत हिंडल्या, बालशिक्षणाची नवी पद्धती शिकल्या, आणि 1887 साली हिंदू उच्चवर्णीय स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहून प्रसिद्ध केले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली, आणि विधवांच्या शाळेस दहा वर्षे साहाय्य करण्याचे तिने पत्करले.

शारदासदन

1889 च्या फेब्रुवारीत बाई परत आल्या, आणि 11 मार्च रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदासदन उघडले. आरंभी मुली बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. पहिल्या विधवा विद्यार्थिनीचे नाव गोदूबाई. ती कोकणातील बालविधवा होती. ह्याच गोदूबाईंचे पुढे 1893 साली धोंडो केशव कर्वे ह्यांच्याशी लग्न झाले, आणि कर्व्यांनी 1896 साली विधवांसाठी स्वतंत्र आश्रम काढला, तो पुढे हिंगण्यास गेला. ज्या विधवेला घरात जागा नव्हती तिला एका खोलीत पाटी हाती दिली, त्याचे फळ महाराष्ट्रातील हजारो मुलींस मिळाले, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

1890 साली सदन पुण्यास नेण्यात आले. तेथे मुलींस आपापल्या जातीचा आचार पाळण्याची, सोवळ्याने स्वयंपाक करण्याची मोकळीक होती. कोणावर ख्रिस्ती धर्माची सक्ती नव्हती. ज्यांचे केस काढलेले होते त्यांस ते वाढवू देत. ज्यांस घरी कोणी नावाने हाक मारीत नव्हते त्यांस येथे नावाने बोलावीत, एकत्र पंक्तीस बसवीत, बागेत खेळू देत. जेवण व पुस्तके ह्यांच्या आधी त्यांस आपण माणसे आहो हे कळणे अवश्य आहे, असे बाईंचे मत होते.

वादळ

बाई आपल्या खोलीत मनोरमेबरोबर रोज प्रार्थना करीत, आणि खोलीचे दार उघडे ठेवीत. काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. काहींच्या मनात ख्रिस्ताविषयी ओढ उत्पन्न झाली. हे बाहेर कळताच पुण्यात मोठा गहजब झाला. केसरी पत्राने सदनावर सडकून टीका केली. आणि 1893 साली न्यायमूर्ती रानडे, डॉक्टर भांडारकर ह्यांच्यासारख्या थोर गृहस्थांनीही सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला. पालकांनी सुमारे पंचवीस मुली एकाएकी काढून नेल्या.

ह्या प्रकरणी न्यायाने बोलले पाहिजे. रागावलेले पालक सगळेच दुष्ट नव्हते. सदनात धर्माची ढवळाढवळ होणार नाही ह्या भरवशावर त्यांनी मुली पाठविल्या होत्या, आणि आपला विश्वासघात झाला असे त्यांस वाटले. बाईंचे म्हणणे असे की, मी कोणावर सक्ती केली नाही. परंतु माझ्या स्वतःच्या घरात माझ्या देवाची प्रार्थना दार लावून, चोरासारखी, मी करणार नाही. पैसा, कीर्ती व मोठ्यांचा आश्रय ही गेली तरी चालतील, पण ते दार बंद होणार नाही, असा त्यांचा निश्चय होता. ज्या मुलींस परत घरी नेण्यात आले, त्यांच्या आठवणीने मात्र बाईंच्या जिवाला चैन पडत नसे.

एवढे होऊनही त्यांचा उद्योग थांबला नाही. एकदा तर यात्रेकरू बाईचा वेष घेऊन त्या वृंदावनास गेल्या, आणि क्षेत्रात सोडून दिलेल्या विधवांची काय अवस्था होते ती त्यांनी डोळ्यांनी पाहिली. पोटासाठी भजन करणाऱ्या, भाड्याच्या अंधाऱ्या कोठडीत राहणाऱ्या, आणि पुण्याच्या नावाखाली नासविल्या जाणाऱ्या बाया त्यांनी तेथे पाहिल्या. त्यांतील काहींस सोडवून आणण्याचा त्यांनी यत्न केला. परंतु पंड्यांच्या तावडीतून बाहेर पडण्याचे धैर्य फारच थोड्यांस होते.

केडगाव

अमेरिकेतील साहाय्याची दहा वर्षे संपल्यावर सदनाचे काय होणार, हा विचार करून बाईंनी पुणे जिल्ह्यात, सोलापूरच्या आगगाडीच्या रस्त्यावरील केडगाव येथे सुमारे शंभर एकर माळरान विकत घेतले होते. विहिरी खणाव्या, फळझाडे लावावी, आणि त्यांच्या उत्पन्नावर विधवांचा चरितार्थ चालावा, असा त्यांचा बेत होता. देवाने त्या माळावर झाडांआधी माणसे आणली.

1896 साली मध्यप्रांतात भयंकर दुष्काळ पडला. ते वर्तमान ऐकताच बाईंस आपले बाळपण आठवले. झाडाचा पाला, वडिलांचा अखेरचा श्वास, आईचे प्रेत, सारे पुन्हा डोळ्यांपुढे आले. जवळ पैसा नव्हता. तरी त्या निघाल्या. दुष्काळी छावण्यांत व रस्त्याकडेला हाडांचे सापळे झालेल्या मुली व विधवा पडल्या होत्या, आणि त्यांना फसवून विकणारे लोकही तेथे फिरत होते. बाईंनी तीनशे जणींस वाचविण्याचा संकल्प केला, आणि तो सिद्धीस नेला. परंतु त्या मुलींस घेऊन पुण्यास येतात तो तेथे प्लेगाची साथ, आणि नव्या माणसांस शहरात ठेवण्यास अधिकाऱ्यांचा प्रतिबंध. तेव्हा त्यांनी सर्वांस केडगावच्या माळावर नेले. तंबू ठोकले, गवताची छपरे घातली, आणि पावसापाण्यात दिवस काढले. ह्या वसतीलाच पुढे मुक्तिसदन हे नाव मिळाले.

येथे एक मोठा फरक झाला, तो आपल्या वाचकांनी विशेष लक्षात ठेवावा. शारदासदन हे मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी होते. दुष्काळात मात्र सर्व जातींच्या मुली आल्या. कुणबी, कोळी, अस्पृश्य मानलेल्या जाती, डोंगरातील लोक, सर्व आले. ब्राह्मणाच्या पोटी जन्मलेल्या पंडितेने त्यांच्या अंगावरील उवा काढल्या, फोड धुतले, आणि सर्वांस एका पंक्तीस बसविले.

मुक्तिसदनातील काम

उपाशी माणसाला जेवू घालणे सोपे आहे. त्याला पुन्हा माणसात आणणे कठीण आहे. दुष्काळाने कित्येक मुलींचे मनही सुकून गेले होते. काही अन्न चोरून लपवीत, काही शिव्या देत, काही पळून जात. कामास लावल्यावाचून व प्रीती केल्यावाचून ह्या सुधारणार नाहीत, हे बाईंनी ओळखले. प्रत्येकीच्या हाताला काय साधेल, हे त्या पाहत. कोणी हातमागावर बसली, कोणी शिवणकाम शिकली, कोणी तेलघाण्यावर, कोणी गुरांच्या गोठ्यात, कोणी शेतात, कोणी भटारखान्यात. ज्यांची बुद्धी तीक्ष्ण त्यांस शिक्षिका व दायी होण्याचे शिक्षण मिळे. छापखाना निघाला तेव्हा खिळे जुळविणे, मुद्रिते तपासणे, कागद घडी घालणे, पुस्तके बांधणे ही सारी कामे बायकाच करू लागल्या. मनोरमाबाई परदेशातून आंधळ्यांची उठावाची लिपी शिकून आल्या, आणि ज्यांस आपण केवळ भीक घालतो अशा आंधळ्या बाया बोटांनी शास्त्र वाचू लागल्या, टोपल्या विणू लागल्या.

वाट चुकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन निघाले, वृद्ध व दुर्बळ स्त्रियांसाठी प्रीतिसदन निघाले. फुलम येथे जे बीज बाईंच्या अंतःकरणात पडले होते, त्याला सतरा-अठरा वर्षांनी केडगावच्या खडकाळ जमिनीत असे पीक आले. 1900 साली गुजराथेतील दुष्काळातून आणखी शेकडो मुली व बाया आल्या, आणि मुक्तीतील माणसांची संख्या सुमारे एकोणीसशेपर्यंत गेली. इतक्या तोंडांस रोज दोन वेळ घालावयाचे म्हणजे काय, हे ज्याने दुष्काळात चार लेकरे पोसली आहेत त्यास सांगावयास नको. धान्य संपत आले म्हणजे बाई गुडघे टेकीत, आणि दुसरे दिवशी पुन्हा विहिरीवर व शेतात उभ्या राहत. प्रार्थना केली म्हणून काम टाळावे, किंवा काम केले म्हणून प्रार्थना टाळावी, असे त्यांच्याजवळ नव्हते.

1905 साली मुक्तीत मोठे आत्मिक संजीवन झाले. शेकडो मुली पापाबद्दल रडल्या व प्रार्थनेत तत्पर झाल्या, आणि त्यांतून टोळ्या करून खेडोपाडी शुभवर्तमान सांगावयास निघाल्या. ज्यांचे तोंड पाहणे लोक अशुभ मानीत, त्या विधवाच शुभवर्तमान घेऊन लोकांच्या दारी गेल्या.

अखेरचे दिवस

आयुष्याची शेवटची वर्षे बाईंनी पवित्र शास्त्राच्या भाषांतरास दिली. खेड्यातील अल्पशिक्षित बाईलाही कळावे असे शास्त्र पाहिजे, ह्या इच्छेने त्यांनी उतारवयात इब्री व हेल्लेणी भाषांचा अभ्यास केला, आणि सोप्या मराठीत सगळ्या शास्त्राचे भाषांतर केले. ते मुक्तीच्या छापखान्यात, मुक्तीच्या बायकांच्या हातांनी छापले गेले. एका स्त्रीने सगळे शास्त्र भाषांतरावे, आणि जगाने टाकलेल्या बायकांनी ते छापावे, असे उदाहरण विरळा.

1919 साली सरकारने त्यांस कैसर-ए-हिंद पदक दिले. परंतु त्याहून मोठी परीक्षा पुढे होती. 1921 च्या जुलैत मनोरमाबाई वारल्या. जिला मांडीवर घेऊन वैधव्य सोसले, जिच्या हाती सर्व काम सोपवावयाचे, ती एकुलती एक लेक आईच्या आधी गेली. बाईंनी आपले दुःख देवापुढे ठेवले, आणि भाषांतराची अखेरची तपासणी चालू ठेवली. ती पुरी होईतोवर आयुष्य मिळावे अशी त्यांची प्रार्थना होती, आणि ती देवाने ऐकली, असे सांगतात. 1922 च्या एप्रिलच्या 5 तारखेस, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, झोपेतच त्यांनी देह ठेवला. केडगावचे काम मात्र थांबले नाही. ते आजतागायत चालू आहे.

आपल्या मंडळ्यांसाठी

आता हे चरित्र वाचून आपण काय करावे? आपल्यापैकी पुष्कळांच्या घराण्यांत केशवपन कधीच नव्हते, विधवेचा पाटही लागत असे. म्हणून ही कथा ब्राह्मणांच्या घरची आहे, आपली नव्हे, असे कोणी समजेल. तसे समजू नये. नवरा मातीत ठेवून लोक परतल्यावर दिराने शेत कसावयास घेतले आणि वहिनीला माहेरची वाट दाखविली, असे आपल्या गावांत घडत नाही काय? लग्नाच्या घरी विधवा आत्याला चुलीपाशी बसवून हळदीच्या वेळी मागे सारीत नाहीत काय? रविवारी आपण तिला बहीण म्हणतो, आणि सोमवारी तिच्या घरी मीठ आहे की नाही हे पाहत नाही. आरंभीच्या मंडळीतही ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांस रोजच्या वाटणीत डावलण्यात येत होते, हे प्रेषितांची कृत्ये ह्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात लिहिले आहे. प्रेषितांनी ती गोष्ट झाकून ठेवली नाही. सात मनुष्ये नेमून तिचा बंदोबस्त केला.

बाईंच्या मृत्यूला शंभर वर्षे झाली त्याच वर्षी, 2022 च्या मे महिन्याच्या 4 तारखेस, कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावच्या ग्रामसभेने नवरा मेल्यावर बायकोच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे ह्या चाली बंद करण्याचा ठराव केला. हा ठराव सर्व धर्मांच्या गावकऱ्यांनी मिळून केला. जे ग्रामसभेने केले ते ख्रिस्ताच्या नावाने जमणाऱ्या मंडळीने त्याआधीच केलेले असावयास हवे होते, असे म्हटल्यावाचून राहवत नाही.

म्हणून उपदेशक बंधूंस व मंडळीतील वडीलजनांस आमची विनंती आहे. ह्या महिन्यात आपल्या मंडळीतील व शेजारच्या वस्तीतील प्रत्येक विधवेच्या घरी जावे. ती ख्रिस्ती आहे की नाही, हे आधी विचारू नये. अलीशाप्रमाणे तिच्या घरी काय आहे, हे विचारावे. शिवणयंत्र चालविणारे हात आहेत काय? दोन शेळ्या पाळण्याइतकी जागा आहे काय? शिकण्याच्या वयाची मुलगी आहे काय? नवऱ्याच्या जमिनीवर तिचे नाव वारस म्हणून लागले आहे काय? नसेल तर कागदपत्र करण्यास तिच्याबरोबर कचेरीत जावे. निराधारांसाठी सरकारचे जे अनुदान आहे, त्याचा अर्ज तिला लिहून द्यावा. तेलाची कुपी तिचीच होती. परंतु रिकामी भांडी शेजाऱ्यांनी दिली, तेव्हाच तेल वाढले. ती भांडी देणे हे आपले काम आहे.

आणि घरी येऊन आपल्या दाराकडेही पाहावे. पुण्यात सर्व बाजूंनी दगड येत असता एका विधवेने आपल्या खोलीचे दार उघडे ठेवले, आणि त्या दारातून पुढे हजारो जणी आत आल्या. आपल्या दारांपैकी किती उघडी आहेत, ह्याचा हिशेब ज्याला त्याला प्रभूपुढे द्यावयाचा आहे.